नववीतलं गालगुंड

रनाळे, १४ जुलै २०२५

कोकिळाताईंना रूपालीचा नमस्कार.

आजच्या काळात नणंदेला पत्र लिहिणारी मीच एक वेडी, असं तुम्ही म्हणाल. पण तुमच्या धडगावच्या डोंगरात रेंज नाही आणि माझ्या घरात आडोसा नाही. अपघातात यांचा मोबाइल फुटला तेव्हापासून माझाच यांच्या उशाशी असतो. म्हणून अंगणवाडीतली पोरं खिचडी खाऊन घरी गेली की इथेच बसून लिहिते. उत्तरही अंगणवाडीच्या पत्त्यावर टाका, घरी नको.

तुमच्या भावाची तब्येत वरून बरी दिसते. जानेवारीत शहाद्याहून येताना ती बिनदिव्याची उसाची ट्रॉली आडवी आली, पेट्रोलच्या टाकीवर सगळा भार पडला, एक वृषण काढून टाकावं लागलं, हे सगळं तुम्हाला माहीतच आहे. वृषण हा शब्द मी धुळ्याच्या डॉक्टरांकडूनच शिकले. आता दुसरंही काम करत नाही म्हणतात. अंगातला जोम गेलाय, दुपारी भर पावसात घाम फुटतो, दाढी विरळ झालीय. रात्री भिंतीकडे तोंड करून झोपतात. मी काही बोलत नाही, हेही त्यांना टोचतं.

लिहायचं कारण वेगळं. नंदुरबारच्या किशनलाल शेठचा नातू मयंक आपल्या अपघाताच्या भरपाईच्या केसचा वकील आहे. तो म्हणतो, हात तुटला, पाय तुटला तर त्याचं अपंगत्व किती हे ठरलेलं असतं, पण या अवयवाचं तसं नाही. मेडिकल बोर्डापुढे जावं लागेल. अपघाताआधी माणूस कसा होता, आता कसा आहे, आणि जे गेलं ते कायमचं गेलं का, हे बोर्ड तपासून टक्के लिहिणार. आधी सगळं ठीक होतं, हे आपण दाखवायचं. तेव्हापासून हे जो भेटेल त्याला आपल्या पोरीकडे बोट दाखवून सांगतात, "जिया मन्हा पुरावा शे."

ताई, हे ऐकलं की मी हातातलं काम टाकून जियाला आत बोलावते. सुरतच्या डॉक्टरांनी काय सांगितलं होतं ते आपल्या दोघींनाच ठाऊक. यांच्यात बीजच नव्हतं, कधीच नव्हतं. लहानपणी गालगुंड झालं होतं का, असं त्यांनी तेव्हाच विचारलं होतं. जिया दवाखान्यातून मिळालेल्या, कोणा अनोळखी माणसाच्या बीजाची. यांनी सही केली ती माझ्या ऑपरेशनचा कागद समजून, आणि तो कागद तुम्ही समोर धरला होता. दोष माझ्यात आहे असंच घरात सांगितलं. आईंना वाटतं पोरगी त्यांच्या सारंगखेड्याच्या नवसाची.

तुम्ही थोरल्या आहात. तुमचं ते ऐकतील. हे बोर्डाचं काही तरी करून थांबवा.

तुमची,
रूपाली

*

धडगाव, २७ जुलै २०२५

रूपालीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वसतिगृहाच्या शिपायाने आणून दिलं तेव्हा मुलींची जेवणं चालली होती. दोनदा वाचलं आणि चुलीत घातलं. तूही माझी पत्रं ठेवू नकोस.

पोरी, तू साप म्हणून भुई धोपटतेयस. जे चेंगरलं ते चेंगरलं. आता कोणता डॉक्टर त्यात जुनं काय आणि नवं काय निवडत बसणार? फुटलेल्या मडक्याला आधी तडा होता का, हे कोणी सांगतं का? ललितला थांबवायला गेलो तर उलट शंका येईल. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे विसरू नकोस.

मी त्या दिवशी केलं ते योग्य केलं. लग्नाला चार वर्षं होऊन घरात पाळणा हलला नव्हता, आणि माय तुला येता-जाता वांझ म्हणायची ते मी या कानांनी ऐकलंय. ललितला खरं सांगितलं असतं तर तो गावातून उठून गेला असता. त्याचा स्वभाव मी त्याला कडेवर घेतलं तेव्हापासून ओळखते. एका सहीने तीन माणसांचा संसार उभा राहिला. आज पुन्हा वेळ आली तर पुन्हा तो कागद समोर धरीन.

बोर्डाच्या दिवशी तू आत जाऊ नकोस. डॉक्टर बायकोलाच जास्त विचारतात, आणि तुझ्या चेहऱ्यावर सगळं दिसतं. मायला सोबत पाठव. ती बिचारी अडाणी, काही विचारलं तर पदर डोळ्याला लावेल आणि गप्प बसेल. तिच्याने काय बिघडणार आहे?

जियाला माझा पापा. तिचे पुढचे दात आले का?

कोकिळाताई

*

रनाळे, ६ सप्टेंबर २०२५

कोकिळाताई,

बिघडलं. आणि आईंनीच बिघडवलं, पण त्यांच्यावर रागावता येत नाही.

तुम्ही सांगितलं तसं मी पोटदुखीचं सोंग करून घरी राहिले आणि आईंना यांच्यासोबत नंदुरबारला पाठवलं. पुढचं त्या परत आल्यावर ओट्यावर बसून स्वतःच सांगत होत्या, शेजारणींना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने आणि मोठ्या कौतुकाने. दवाखान्याबाहेर बाकावर बसलेल्या कोणी तरी त्यांना शिकवलं म्हणे की डॉक्टरला सगळी दुखणी सांगायची, जुनी-नवी काही ठेवायची नाहीत, जितकं दुखणं जास्त तितके टक्के जास्त. झालं. डॉक्टरांनी यांना तपासून पडद्यामागून बाहेर आणलं तेव्हा आई खुर्चीवर सरसावून बसल्या.

"मन्हा पोऱ्याले नववीमा गालगुंड व्हयनं व्हतं, डाक्टर. खाले बी सुजेल व्हतं. बाजवरथीन उठता येत नव्हतं त्याले."

हे तिथेच होते. त्यांनी हसून मान हलवली म्हणे, की हो, त्या वर्षी सहामाही बुडाली होती. डॉक्टर मात्र लिहिता लिहिता थांबले. मग त्यांनी सूज एका बाजूला होती का दोन्ही, ताप किती होता, नंतर तिथला आकार लहान झाला का, असं सगळं आईंनाच विचारलं. आईंनी एकेक गोष्ट भर घालून सांगितली. निंबाचा पाला बांधला, भगताला दाखवलं, दोन्ही बाजूंना सूज होती. एवढी विचारपूस आजवर कोणत्या डॉक्टरने केली नव्हती म्हणून त्या खूश होत्या. शेवटी डॉक्टरांनी यांना विचारलं, मुलंबाळं किती? हे म्हणाले, एक मुलगी, सहा वर्षांची. डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला. त्यांनी पुन्हा एकदा आत नेऊन तपासलं.

मयंकने काल कागद वाचून दाखवला. बोर्डाने दोन गोष्टी वेगळ्या काढल्यात. अंगातला जोम, पुरुषपण टिकवणारं जे काही रक्तात असतं, ते अपघाताने गेलं आणि कायमचं गेलं. चाळिशीच्या आत असल्यामुळे ते जास्त धरायचं. पण उरलेलं वृषण आधीपासूनच सुकलेलं होतं, जुन्या आजाराने. म्हणून बाप होण्याची ताकद अपघाताने गेली असं म्हणता येत नाही.

तुमच्या फुटक्या मडक्याचा जुना तडा डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवला, ताई. हे ऐकून तुमचे भाऊ उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "मंग जिया कोठून उनी?"

मयंक हसला. मी चहाचे कप उचलून आत गेले. आता मी काय करू ते लिहा.

रूपाली

*

धडगाव, १५ सप्टेंबर २०२५

रूपाली,

मायने खालच्या सुजेचं मला कधी सांगितलं नाही. मी तेव्हा नवापूरला शिकायला होते. आता त्यावर बोलून उपयोग नाही.

नीट ऐक. अजून काही गेलेलं नाही. जे टक्के मिळाले ते घ्यायचे आणि गप्प बसायचं, एवढंच त्याला पटवायचं. ते तूच करू शकतेस. त्याला सांग की मला लाज वाटते, कोर्टात चार माणसांसमोर आपल्या अंथरुणाच्या गोष्टी नकोत. बायकोच्या अब्रूचं नाव काढलं की ललित माघार घेतो, लहान असल्यापासून मानी आहे तो.

आणि घाबरू नकोस. माणूस स्वतःबद्दल जे ऐकायचं नाही ते समोर असूनही ऐकत नाही. डॉक्टरने लिहून दिलं तरी तो डॉक्टरलाच खोटं म्हणतोय ना? म्हणू दे.

आमच्या यांना, तुमच्या नवलभाऊंना, मी काही सांगितलेलं नाही. भला माणूस आहे, पण शाळेतल्या मास्तरच्या पोटात काही राहत नाही.

कोकिळाताई

*

रनाळे, १० ऑक्टोबर २०२५

कोकिळाताई,

तुमचा सल्ला मी ऐकला आणि घर जास्तच पेटलं.

मी त्यांना म्हटलं, मला लाज वाटते, आता कोर्ट पुरे. हे मिरच्या निवडत होते, त्यांनी हातातली पाटी खाली ठेवली. म्हणाले, "तुले मन्ही लाज वाटस का?" मी म्हटलं, तुमची नाही, कोर्टाची. त्यांनी ते ऐकलंच नाही. त्यांच्या मनात आता असं बसलंय की मी त्यांना सोडून कोरीटला माहेरी जाणार. नवरा असा झाला म्हणून बायकोला नको झालाय, आणि हा आधीपासूनच असा होता असं लोकांनी म्हणावं हेच तिला हवंय, म्हणजे सुटायला बरं. मी केस थांबवायला जेवढं बोलते तेवढं त्यांना हे खरं वाटतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

मंगळवारी तारीख होती. मीही गेले, न जाऊन काय करणार? विमा कंपनीचे वकील म्हातारे आणि गोड बोलणारे आहेत. त्यांनी आवाज न चढवता विचारलं, बोर्ड म्हणतं तुम्ही शाळेत असल्यापासून बाप होऊ शकत नव्हता, मग तुमच्या मुलीबद्दल तुमचं काय म्हणणं आहे? कोर्टात आपल्या गावची माणसं होती. आई माझ्या शेजारी बसल्या होत्या.

यांचा चेहरा लाल झाला. मग ते मराठीत, शाळेत पाठांतर म्हणावं तसं स्पष्ट म्हणाले, "माझं रक्त घ्या, माझ्या मुलीचं घ्या, आणि तपासा."

मयंकला एवढा आनंद झाला की त्याने तिथेच अर्ज लिहायला घेतला. यातून बोर्डाचं मतच उलटं पडेल म्हणतो. दिवाळीनंतरची तारीख पडलीय. येताना बसमध्ये हे कित्येक महिन्यांनी माझ्याजवळ बसले. म्हणाले, आता कोणी तुला काही बोलणार नाही बघ. ताई, ते हे माझ्यासाठी करतायत. माझ्या नावाला बट्टा लागू नये म्हणून स्वतःच्या हाताने विहीर खणतायत, आणि मी काठावर उभी राहून बघतेय.

काल आईंनी जियाला तेल लावता लावता तिच्या कानाची पाळी बोटात धरली आणि मला म्हणाल्या, आपल्या घरात असे कान कोणाचे नाहीत ना? सहज म्हणाल्या. किंवा सहज नसेलही. मला आता कळेनासं झालंय.

भाऊबिजेला याच. काही झालं तरी या.

रूपाली

*

धडगाव, २८ ऑक्टोबर २०२५

रूपाली,

काम झालं. गाडीच्या घाईत तुला बाजूला घेऊन सांगता आलं नाही, आणि तू सारखी स्वयंपाकघरातच होतीस, म्हणून लिहिते.

ललित पाटावर बसला तेव्हा माय अंगणात होती. मी टिळा लावला, ओवाळलं. त्याने नेहमीसारखं पाकीट ताटात टाकलं आणि चेष्टा केली, की ताई, यंदा भाऊ अर्धाच आहे, ओवाळणी पूर्ण घे. मी पाकीट परत त्याच्या हातात ठेवलं. म्हटलं, आजवर मी तुझ्याकडे काही मागितलं नाही, आज मागते. तो हसत म्हणाला, "मांगी तर पाह्य." मी म्हटलं, जियाचं रक्त तपासायचं नाही. केस लढ, हवी तितकी लढ, पण पोरीला सुई लावायची नाही.

मला कुठून रडू आलं कोण जाणे. त्याच्या अपघातात दवाखान्यात मी उभी होते ती दगडासारखी, आणि इथे नुसत्या निरांजनासमोर मला पदर डोळ्याला लावावा लागला. तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "दिधं."

ताटातल्या दिव्यासमोर दिलेला शब्द आपल्याकडे भाऊ मोडत नाही. तो मोडणार नाही. आता मयंक वकील काहीही अर्ज लिहो. तू झोप आता शांत. भाऊ शेवटी बहिणीचंच ऐकतो, बायकोने कितीही कपाळ फोडलं तरी. चिडू नकोस, गंमत केली.

जियाला म्हणावं आत्याने पाठवलेल्या बांगड्या फोडू नकोस.

कोकिळाताई

*

रनाळे, ९ नोव्हेंबर २०२५

कोकिळाताई,

तुम्ही झोपा म्हणालात आणि त्या दिवसापासून या घरात कोणी झोपलेलं नाही.

हे मयंकशी बोलले, अर्ज मागे घ्या म्हणाले. मयंकने कारण विचारलं तर बहिणीचा शब्द आहे म्हणाले. तुमचं काम झालं, खरंय. पण ताई, तुम्ही गेल्यावर ते त्याच पाटावर बसून राहिले. ताट उचलायला गेले तर म्हणाले, राहू दे. निरांजन आपलं आपण विझेपर्यंत तिथेच होते.

तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. ओरडत असते तर बरं झालं असतं, यांचा राग मला झेलता येतो. आता नुसतं बघतात. जिया अभ्यास करत असली की तिच्याकडे, तिच्या पावलांकडे, ती जेवताना कोणत्या हाताने घास घेते तिकडे. तिला मात्र काही कळू देत नाहीत. कडेवर घ्यायचं बंद केलं, मला जड वाटते म्हणून सांगतात तिला. परवा एकदाच विचारलं, "सुरतले तुन्हासंगे ताई रोज दवाखानामा ये का?" मी हो म्हटलं. बाकी काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

गुरुवारी सकाळी हे न सांगता नंदुरबारला गेले. सुरतेच्या गाडीत बसले की काय, या विचाराने मी दिवसभर अंगणवाडीत पोरांची नावं चुकवत होते. उशिरा आले. कुठे गेला होतात, तर काम होतं.

मला भीती वाटते. माझी नाही, यांची. कपाशीच्या फवारणीचं औषध गोठ्यात होतं ते मी शेजारच्या नथ्थूआप्पांच्या खळ्यात ठेवायला दिलं, जिया हात लावेल असं सांगून. नथ्थूआप्पांनी माझ्याकडे बघितलं आणि कुलूप लावलं. गावाला काही माहीत नाही, आणि गाव सगळं बघतंय.

आई माझ्याशी गोड बोलतात. लग्न होऊन आले तेव्हापासून त्या माझ्याशी कधी गोड बोलल्या नाहीत.

मी सांगून टाकू का त्यांना? तुम्ही हो म्हणा, मी सांगते.

रूपाली

*

धडगाव, १७ नोव्हेंबर २०२५

रूपाली,

तुझं पत्र आज मिळालं. सांगू नकोस. लिहून हात दुखला तरी पुन्हा तेच लिहीन, सांगू नकोस. मी ओवाळताना रडले ते चुकलं. तेवढं एकच चुकलं.

जियाला घेऊन इकडे ये. शाळेला सुट्टी काढ, आत्याकडे गेली म्हणून सांग. वसतिगृहात जागा आहे. पुढचं मी बघते. हे पत्र मिळताच निघ.

कोकिळाताई

*

रनाळे, २६ नोव्हेंबर २०२५

कोकिळाताईस,

अंगणवाडीला सुट्टी होती म्हणून पोस्टमनने तुझं पत्र घरी दिलं, माझ्या हातात. मी ते फोडलं नाही. रूपालीला तसंच दिलं. तिने ते वाचलं की नाही माहीत नाही, पण तिने पिशवी भरायला घेतली आणि मग पुन्हा रिकामी केली.

तू मला ओळखतेस असं म्हणतेस, म्हणून सांगतो मला कधी कळलं. तू केस सोड म्हणाली असतीस तर मला काही वाटलं नसतं. रूपालीही तेच म्हणत होती, मी तिचा वेगळाच अर्थ लावून बसलो होतो. पण तू केस लढ म्हणालीस, आणि फक्त पोरीचं रक्त मागितलंस. मला दवाखान्यात रक्ताने भरलेला बघून तू रडली नव्हतीस. घरात कोणी मेल्यासारखी तू त्या दिव्यासमोर रडलीस. मी शब्द दिला तेव्हाच मला समजलं होतं.

आधी काही दिवस मी वाईट विचार केला. रूपालीबद्दल. तो तुला लिहिणार नाही, तिलाही कधी सांगणार नाही. मग सुरत आठवलं. रोज तू तिच्यासोबत होतीस. बहीण सोबत असताना भावाची चोरी होत नाही, म्हणजे चोरी नव्हती, काही तरी दुसरं होतं. मग तो कागद आठवला. तू तो समोर धरला होतास आणि वरचा भाग तुझ्या हाताखाली होता. मी म्हटलं होतं, काय आहे ते वाचू तर दे. तू म्हणालीस, बायकांचं आहे, तुला काय कळणार. मी सही केली आणि समोसे आणायला गेलो.

महिन्याच्या सुरुवातीला एका गुरुवारी मी बोर्डाच्या डॉक्टरांना भेटायला गेलो होतो. त्यांना मी विचारलं, अपघाताने माझं काय गेलं आणि आधीच काय गेलं होतं, मला समजेल असं सांगा. त्यांनी पाऊण तास दिला. बाहेर रांग होती तरी दिला. अपघाताने अंगातली ताकद गेली, ती इंजेक्शनं घेऊन थोडी परत येईल. बाप होणं नववीतच गेलं होतं. मी विचारलं, मग माझी मुलगी? ते म्हणाले, हे मला विचारू नका, घरी विचारा, आणि विचारताना आवाज चढवू नका. मी घरी विचारलं नाही. विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं.

ताई, माझा राग तुझ्यावर आहे, आणि तो राहील. तू मला सांगायला हवं होतं. ऐकून मी काय केलं असतं, ते मला ठरवू द्यायला हवं होतं. पण रूपालीवर राग आणायला गेलो की एकच गोष्ट आठवते. माय तिला वांझ म्हणायची तेव्हा मी तिथेच भाकरी खात बसायचो. एकदा तर मी हसलोही होतो. मी हसलो तेव्हा सुरतचा निकाल तिला माहीत होता. तिने माझ्या ताटात पातळ भाजी वाढली आणि आत गेली. डॉक्टरांनी माझ्या नुकसानीचे टक्के लिहिले. तिचं किती झालं, हे कोण तपासणार? मला तिच्यासमोर बसता येत नाही. ती समजते मी रागात आहे. मला लाज वाटते, आणि ते सांगायलाही तोंड उघडत नाही.

काल तारीख होती. मी मयंकला सांगितलं, अपघाताने जे गेलं तेवढंच मागायचं, बाप होण्याचा मुद्दा काढून टाका. तो खूप चिडला. विमा कंपनीचे म्हातारे वकील उठून म्हणाले, म्हणजे मुलीबद्दल आमचं म्हणणं तुम्हाला मान्य आहे असं समजायचं का? मला तिथे मराठी सुचली नाही. "पोरगी मन्ही शे. तिनं नाव आठे लेवानं नही," एवढं म्हणालो. जजसाहेबांनी मान हलवली आणि पुढचं काम पुकारलं.

पण माय तिथे बसली होती. बसमध्ये तिने मला एकदाच विचारलं, "रगत का नही दिधं?" मी तिकिटाचे सुटे पैसे मोजत बसलो. घरी आल्यावर तिने सारंगखेड्याच्या देवाचा फोटो देव्हाऱ्यातून काढून पुसला आणि उलटा ठेवला. आज सकाळी जिया तिच्यापुढे तेलाची बाटली घेऊन बसली, रोज बसते तशी. माय उठून गेली. पोरगी बराच वेळ केस सोडून ओट्यावर बसली होती. मग मीच वेणी घातली, वाकडी आली. दुपारी मायने रूपालीच्या भावाला कोरीटहून बोलावणं धाडलंय, आणि चुलत्यांना रविवारी जेवायला सांगितलंय, म्हणजे सगळ्यांदेखत रूपालीला माहेरी धाडायचा बेत आहे. स्वयंपाक तीच करणार म्हणते. रूपालीला चुलीजवळ येऊ नकोस म्हणाली, अगदी गोड आवाजात.

रविवारी मी सगळ्यांसमोर सांगणार आहे की दोष माझ्यात होता, नववीपासून होता. ते माझ्यावर विश्वास ठेवणार नाहीत. बायकोला वाचवायला नवरा काहीही बोलतो, असं म्हणतील. अर्धा माणूस, त्याचं काय ऐकायचं, असंही म्हणतील. तुझ्यावर ठेवतील. तो कागद कोणी समोर धरला हे मायला तू सांग, मी सांगून चालणार नाही.

भाऊबिजेला तू मागितलंस ते मी दिलं. आता मी मागतो. शनिवारच्या शेवटच्या गाडीने ये, नवलभाऊंना घेऊन ये. टपालाला वेळ लागतो म्हणून हे पत्र धडगावच्या एसटीच्या कंडक्टरच्या हाती पाठवतोय, उशीर करू नकोस.

जियाला अजून कोणी काही बोललेलं नाही.

ललित